छातीवरचा देवदार

रग्बी लीग या तेरा-तेरा जणांच्या रग्बीत एक नियम आहे, जो मैदानाच्या कडेने धावणाऱ्या खेळाडूची चांगलीच परीक्षा पाहतो. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो आणि संघाला चार गुण मिळतात. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारून आणखी दोन गुण कमावण्याची संधी असते, पण ट्राय जिथे झाला असेल, त्याच्या सरळ रेषेतूनच ती किक मारावी लागते. ट्राय अगदी कोपऱ्यात झाला असेल, तर किक मारणाऱ्याला थेट बाजूच्या रेषेवर जाऊन उभे राहावे लागते. खांबांमधले अंतर साडेपाच मीटर, आडवी दांडी जमिनीपासून तीन मीटरवर. आणि रेषेवरून पाहिले, तर हे दोन खांब जवळजवळ एकमेकांना चिकटलेले दिसतात. लेबनॉनमधून सिडनीत आलेला हाझेम अल मसरी विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू होता, त्यामुळे त्याचे ट्राय बहुतेक वेळा कोपऱ्यातच व्हायचे, आणि संघाच्या किकही तोच मारायचा. तीन जणांना अंगावर घेत, चुन्याच्या रेषेला पाय लागू न देता कोपऱ्यात झेप घ्यायची, उठायचे, श्वास पुरता शांत होण्याआधी चेंडू टेकूवर उभा करायचा, मोजकी पावले मागे जायचे आणि त्या चिंचोळ्या फटीकडे पाहायचे, हा क्रम त्याने वर्षानुवर्षे केला. कँटरबरी-बँक्सटाउन बुलडॉग्जकडून ३१७ सामने, १५९ ट्राय, ८९१ गोल (म्हणजे खांबांमधून मारलेल्या यशस्वी किक) आणि एकूण २,४१८ गुण. २००९ मध्ये त्याने अँड्र्यू जॉन्सचा विक्रम मागे टाकला आणि ऑस्ट्रेलियाच्या या सर्वोच्च स्पर्धेत सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू तो ठरला. पुढे दहा वर्षांनी कॅमेरॉन स्मिथने हा विक्रम मोडला, पण २००४ च्या एकाच हंगामातले त्याचे ३४२ गुण आजही माणसे आदराने सांगतात.

हाझेमचा जन्म १९७६ चा, उत्तर लेबनॉनमधल्या त्रिपोली शहरातला. त्याच्या जन्माच्या आधीच्याच वर्षी तिथे यादवी युद्ध सुरू झाले होते आणि ते १९९० पर्यंत चालले. म्हणजे या मुलाचे सगळे बालपण त्या युद्धात गेले. १९८८ मध्ये त्याचे कुटुंब सिडनीला आले. रग्बी लीग हा खेळ त्याला ठाऊकही नव्हता, त्याचा पाय फुटबॉलवर बसलेला होता. बेलमोर बॉइज हायस्कूलमध्ये हा नवा खेळ त्याच्या हाती आला आणि १९९६ मध्ये तो बुलडॉग्जच्या पहिल्या संघात होता. या क्लबचे मूळ घर बेलमोरलाच आहे, आणि बेलमोर, लाकेम्बा, पंचबोल, बँक्सटाउन हा सलग पट्टा म्हणजे युद्धाच्या काळात आलेल्या लेबनीज कुटुंबांची वस्ती. मुलगा जिथे शाळेत गेला, जिथे त्याचे शेजारी भाजी आणायला जात, त्याच भागाचा संघ त्याला मिळाला.

मी सिडनीच्या पश्चिम भागात राहते. इकडच्या मराठी माणसांची किराण्याची, मिठाईची आणि सणासुदीच्या खरेदीची जागा म्हणजे हॅरिस पार्क. आज त्याला सगळे ‘लिटल इंडिया’ म्हणतात, पण विग्रॅम स्ट्रीटवरच्या दुकानांपासून थोडे चालत गेले की ‘अवर लेडी ऑफ लेबनॉन’ हे लेबनॉनमधल्या मॅरोनाइट पंथाच्या ख्रिश्चनांचे मोठे चर्च लागते, आणि आपल्या आधी या गल्ल्या कोणाच्या होत्या, ते तिथे उभे राहिल्यावर कळते. या चर्चजवळच्या एका बेकरीत मी झातर हा मसाला लावलेली गरम मनूश, म्हणजे लेबनीज रोटी, घ्यायला जाते. दगडी भट्टीच्या तोंडाशी बसणारे वयस्क गृहस्थ एका हाताने पीठ थापत आणि दुसऱ्या हाताने हवेत चेंडूची वाट आखत मला हा खेळ समजावून देतात. त्यांच्याकडूनच मी बेनी इलायसचे नाव प्रथम ऐकले. सहा पकडींमध्ये चेंडू पुढे न्यायचा आणि पकडला गेलात की उठून पुन्हा खेळ सुरू करायचा, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला कबड्डीतली पकड आठवली आणि खेळ एकदम जवळचा वाटू लागला.

लेबनॉनचे लोक ऑस्ट्रेलियात आले ते काही केवळ यादवीमुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, उस्मानी साम्राज्याच्या काळात, माउंट लेबनॉनच्या डोंगराळ गावांतून माणसे बाहेर पडू लागली. काही ब्राझीलला गेली, काही अमेरिकेला, काही सिडनीच्या रेडफर्नमध्ये येऊन राहिली. रेडफर्नमधल्या घाऊक दुकानांतून माल उचलायचा आणि पाठीवर गाठोडे टाकून गावोगाव कापड, बटणे, लेस विकत फिरायचे, हा त्यांचा व्यवसाय. सरकारी कागदांत ते ‘सीरियन’ होते आणि आशियाई म्हणून कितीतरी हक्कांपासून दूर ठेवलेले होते. आज लेबनॉनमध्ये राहतात त्याहून अधिक लेबनीज वंशाची माणसे लेबनॉनबाहेर राहतात. ही एक गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही, तर लेबनीज खेळाडूंविषयीची सगळी चर्चा चुकीच्या वळणाने जाते.

बेनी इलायसही त्रिपोलीचाच, जन्म १९६३ चा; तो तान्हा असताना कुटुंब सिडनीला आले. बाल्मेन टायगर्सचा तो हूकर, म्हणजे पकडीनंतर चेंडू उचलून पुढे खेळवणारा खेळाडू. सिडनीच्या जुन्या चाहत्यांना १९८९ चा अंतिम सामना अजून सलतो. बाल्मेन आणि कॅनबेरा, सामन्याची शेवटची मिनिटे, आणि चालू खेळातच एका गुणासाठी इलायसने मारलेली किक. चेंडू उंच गेला आणि आडव्या दांडीवर आपटून परत आला. निर्धारित वेळेत १४-१४ अशी बरोबरी झाली आणि वाढीव वेळेत कॅनबेराने १९-१४ असा विजय मिळवला. बाल्मेनला त्यानंतर स्वतःच्या नावाने अजिंक्यपद कधीच मिळाले नाही. काही वर्षांनी तो क्लब वेस्टर्न सबर्ब्जमध्ये विलीन होऊन वेस्ट्स टायगर्स झाला. बेकरीतले गृहस्थ ही किक सांगताना हाताने दांडी दाखवतात आणि पीठ तसेच राहते. इलायस न्यू साउथ वेल्सचा कर्णधार झाला, ऑस्ट्रेलियाकडून खेळला; तरी त्यांच्या वस्तीच्या आठवणीत राहिली ती ही दांडी. पण या कथेचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. विलीन झालेल्या त्याच वेस्ट्स टायगर्सचा हूकर पुढे रॉबी फराह झाला, लेबनीज आईवडिलांचा सिडनीत जन्मलेला मुलगा, आणि २००५ मध्ये या क्लबने अजिंक्यपद जिंकले तेव्हा तो संघात होता. त्यानंतर त्याच क्लबमधून पुढे आला मिचेल मोझेस, बेनी इलायसचा भाचा. एकाच क्लबमध्ये मामापासून भाच्यापर्यंत ही ओळ चालत आली आहे, आणि मधला दुवा नात्याचा नसूनही त्याच देशाकडचा आहे.

हाझेमकडे परत येते, कारण वारसा अंगावर वागवणे म्हणजे रोजच्या दिवसात काय असते, हे त्याच्या कारकिर्दीत सर्वांत स्पष्ट दिसते. तो श्रद्धाळू मुसलमान आहे आणि रोजे पाळणारा व्यावसायिक खेळाडू म्हणून सगळा ऑस्ट्रेलिया त्याला ओळखू लागला. इथे पंचांगाचा एक हिशेब समजून घ्यावा लागतो. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. बुलडॉग्जने सिडनी रूस्टर्सला १६-१३ असे हरवून अजिंक्यपद जिंकले ते ३ ऑक्टोबर २००४ रोजी, आणि त्या वर्षी रमजान त्यानंतर दीडेक आठवड्याने सुरू झाला. म्हणजे उपवास मोसम संपल्यावर आले. पण २००९ मध्ये, त्याच्या शेवटच्या हंगामात, रमजान ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत होता, म्हणजे नेमका हंगामाच्या सर्वांत कठीण भागात. ज्या महिन्यात शरीराकडून सर्वाधिक मागितले जाते, त्याच महिन्यात दिवसभर पाणीही न घेण्याचे व्रत, आणि तेही वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. आषाढीच्या वारीत किंवा नवरात्रात कडक उपवास करून कामावर जाणारी माणसे आपण पाहिलेली आहेत, त्यामुळे या निष्ठेची किंमत मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. सप्टेंबरच्या शेवटी बुलडॉग्ज उपांत्य सामन्यात पॅरामाटाकडून २२-१२ असे हरले आणि हाझेमची कारकीर्द संपली. मैदानात तेव्हा ७४ हजारांहून अधिक प्रेक्षक होते.

आणि या सगळ्याच्या मधोमध २००५ चा डिसेंबर आहे. क्रोनुला इथल्या समुद्रकिनाऱ्यावर ११ डिसेंबरला जमावाने अरब दिसणाऱ्या माणसांना शोधून मारहाण केली, आणि त्यानंतरच्या रात्रींत सूड म्हणून दुसऱ्या बाजूनेही हिंसा झाली. त्या दिवसांत सिडनीतल्या कोणत्याही लेबनीज माणसाला आपला चेहरा घेऊन रेल्वेत बसणे अवघड झाले होते. समाज अशा वेळी आपला एखादा चेहरा पुढे करतो, ज्याच्याविषयी समोरच्यालाही आदर आहे असा, आणि खेळाडूच्या वाट्याला हे काम आपोआप येते. आदल्याच वर्षी ज्याच्या ३४२ गुणांना टाळ्या वाजल्या, त्याला आता हजारो अनोळखी तरुणांच्या वागण्याचे उत्तरदायित्व घ्यावे लागते. मला हे अन्यायाचे वाटते, आणि तरीही हाझेमने ते ओझे सौजन्याने वाहिले, म्हणून त्याच्याविषयीचा माझा आदर दुप्पट होतो. गोऱ्या घरातल्या एखाद्या खेळाडूला, तुझ्या उपनगरातल्या मुलांनी काल दंगल का केली, असे कोणी विचारत नाही.

आता लेबनॉनच्या राष्ट्रीय संघाविषयी. या संघाच्या छातीवर झेंड्यावरचाच हिरवा देवदार असतो. संघ मुख्यतः सिडनीत जन्मलेल्या किंवा वाढलेल्या मुलांचा आहे. खुद्द लेबनॉनमध्ये हा खेळ लहान आहे आणि तो प्रामुख्याने विद्यापीठांच्या मैदानांवर खेळला जातो. म्हणून प्रत्येक विश्वचषकाच्या वेळी एक आक्षेप घेतला जातो, की हा लेबनॉनचा संघ कसला, ही तर सिडनीचीच दुसरी फळी. मला हा आक्षेप मान्य नाही, आणि त्याचे कारण मी थोडे विस्ताराने सांगते.

लेबनॉनची राज्यव्यवस्था पंथांच्या वाटणीवर उभी आहे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, आणि संसदेच्या १२८ जागा ख्रिश्चन व मुस्लिम यांच्यात निम्म्यानिम्म्या. यादवी संपवून शस्त्रे खाली ठेवण्यासाठी ही वाटणी नव्याने ठरवली गेली आणि ती आजही चालू आहे. याउलट, २००० च्या विश्वचषकासाठी इंग्लंड-वेल्सला गेलेल्या लेबनॉनच्या रग्बी लीग संघात मॅरोनाइट आडनावांची मुले आणि त्रिपोलीचा मुसलमान हाझेम अल मसरी एकाच ओळीत उभे राहून राष्ट्रगीत म्हणत होते, आणि कोणाच्या वाट्याला किती जागा याचा हिशेब तिथे कोणी मांडला नव्हता. ज्यांच्या आईवडिलांनी त्या युद्धात एकमेकांच्या भीतीने घरे सोडली, त्यांची मुले परक्या देशात मोठी होऊन एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बचावाची फळी बांधत होती. अशा संघाला उसना संघ म्हणणे म्हणजे, माणसे जहाजात बसली की त्यांचे गाव त्यांच्यापासून तुटते, असे समजणे होय. ज्याने कधी देश सोडला नाही, त्यालाच असे वाटू शकते.

त्या पहिल्या विश्वचषकात निकाल चांगले लागले नाहीत. ग्लॉस्टरमध्ये न्यूझीलंडने ६४-० असे हरवले. मग वेल्सविरुद्ध २४-२२ अशी निसटती हार आणि कुक आयलंड्सविरुद्ध २२-२२ अशी बरोबरी. पुन्हा विश्वचषक खेळायला १७ वर्षे लागली. २०१७ मध्ये रॉबी फराहच्या नेतृत्वाखाली लेबनॉनने कॅनबेरात फ्रान्सला २९-१८ असे हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे क्राइस्टचर्चमध्ये टोंगाने त्यांना हरवले ते पुन्हा २४-२२ असे, म्हणजे वेल्सविरुद्धच्या जुन्या पराभवाच्याच आकड्याने. दोन गुण म्हणजे एक किक. त्या रात्री आमच्या भागातल्या कितीतरी घरांत हाझेमची आठवण निघाली असेल.

यापेक्षा अद्भुत गोष्ट २०२२ मध्ये घडली. मायकेल चेका हे सिडनीत जन्मलेले लेबनीज कुटुंबातले प्रशिक्षक. त्यांचा खेळ रग्बी युनियन, म्हणजे १५ जणांचा, जो लीगचा भाऊबंद असला तरी नियमांनी वेगळा आहे. आयर्लंडच्या लिन्स्टरला त्यांनी २००९ मध्ये युरोपचे विजेतेपद मिळवून दिले, सिडनीच्या वॉराटाज संघाला २०१४ मध्ये सुपर रग्बीचे, आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. २०२२ मध्ये ते अर्जेंटिनाच्या युनियन संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि त्याच वेळी त्यांनी लेबनॉनच्या लीग संघाचीही जबाबदारी घेतली होती. मिचेल मोझेस कर्णधार. लेबनॉनने आयर्लंडला ३२-१४ आणि जमैकाला ७४-१२ असे हरवले. ४ नोव्हेंबरला, शुक्रवारी, हडर्सफील्डमध्ये ऑस्ट्रेलियाने उपांत्यपूर्व फेरीत लेबनॉनला ४८-४ असे पराभूत केले. रविवारी, ६ नोव्हेंबरला, चेका लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर अर्जेंटिनाबरोबर होते, आणि अर्जेंटिनाने इंग्लंडला ३०-२९ असे हरवले. एका माणसाने तीन दिवसांत दोन खेळ, दोन देश आणि दोन टोकांचे निकाल पाहिले. त्यातला कोणता संघ व्यवसाय म्हणून घेतला आणि कोणता आईवडिलांच्या गावासाठी, हे त्यांना विचारण्याची गरज नाही. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेल्या प्रशिक्षकाला लेबनॉनच्या लीग संघाकडून आणखी कोणती प्रतिष्ठा मिळणार होती?

सिडनीपासून दूर, कॅनडात, हीच गोष्ट बर्फावर, आइस हॉकीत घडली. नाझेम कादरीचा जन्म १९९० मध्ये ओंटारिओमधल्या लंडन शहरात झाला. त्याचे आजीआजोबा बेका खोऱ्याच्या बाजूच्या कफर दनीस गावातून तिथे गेले होते. २०२२ च्या स्टॅन्ली कप स्पर्धेत कोलोराडोकडून खेळताना सेंट लुइसच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, आणि त्यानंतर त्याला वंशद्वेषी शिवीगाळ आणि धमक्या आल्या. पुढच्याच सामन्यात, सेंट लुइसच्याच मैदानावर, त्याने तीन गोल केले. त्याच्या पुढच्या फेरीत अंगठा मोडला, शस्त्रक्रिया झाली, आणि अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात परत येऊन त्याने वाढीव वेळेत विजयी गोल मारला. विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला तो करंडक एक दिवस आपल्या गावी नेता येतो. स्टॅन्ली कप जिंकणारा पहिला मुसलमान खेळाडू असलेल्या कादरीने तो लंडनच्या मशिदीत नेला. त्याच शहरात आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबातल्या चौघांना गाडीखाली चिरडून मारण्यात आले होते. ज्या मशिदीने ते दुःख पाहिले, तिथे वर्षभरानंतर मुले रांगा लावून त्या चकचकीत करंडकाला हात लावत होती. या एका दिवसाइतके मोठे काम कादरीच्या कोणत्याही गोलने केले नाही, असे माझे मत आहे.

अशी माणसे जागोजागी आहेत. अमेरिकेत १९८६ ची इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकणारा बॉबी रेहाल लेबनीज वंशाचा. ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये जन्मलेला टोनी कनान त्याच शर्यतीचा २०१३ चा विजेता, आणि २००४ च्या हंगामात त्याने एकही फेरी न सोडता प्रत्येक शर्यत पूर्ण केली होती. कोलंबियाचा गोलरक्षक फरीद मोंद्रागॉन २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ४३ वर्षे आणि तीन दिवस एवढ्या वयात मैदानात उतरला, तो तोवरचा सर्वांत वयस्क खेळाडू होता. या सगळ्यांच्या बाबतीत वारसा दोन-तीन पिढ्यांमागे गेलेला आहे, आणि तो त्यांच्या खेळात शोधायला जाणे मला ओढूनताणून केल्यासारखे वाटते. बैरूतच्या बाबतीत मात्र एक जोडी विसरता येत नाही. १९६५ मध्ये या शहरात दोन मुले जन्मली. त्यांतला रोनी सीकली लेबनीज, अथेन्समध्ये वाढलेला आणि १९८८ मध्ये मायामी हीट या नव्या बास्केटबॉल संघाने निवडलेला अगदी पहिला खेळाडू. दुसरा स्टीव्ह कर, पुढे बास्केटबॉलमध्येच नाव कमावलेला, रक्ताने लेबनीज नसलेला अमेरिकन मुलगा, ज्याचे वडील माल्कम कर हे स्वतःही बैरूतचेच आणि तिथल्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १८ जानेवारी १९८४ रोजी त्यांची विद्यापीठातच गोळ्या घालून हत्या झाली. स्टीव्ह तेव्हा अॅरिझोनात पहिल्या वर्षाला शिकत होता. लेबनीज वंशाच्या खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव येत नाही आणि नियमाने येऊही नये, पण त्या शहराचे जे ऋण आणि जी जखम त्याच्यावर आहे, ती कितीतरी यादीतल्या नावांवर नसेल.

अलीकडे टेनिसमध्ये हादी हबीबचे नाव ऐकू येते. जन्म अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा, पण खेळतो लेबनॉनकडून. पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो कार्लोस अल्काराझविरुद्ध उतरला आणि हरला. जानेवारी २०२५ मध्ये मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत सामना जिंकणारा पहिला लेबनीज पुरुष ठरला. त्या दिवशी कोर्टाच्या भोवती झेंडे घेऊन ओरडणारी मंडळी मेलबर्नचीच होती, कोबर्ग आणि ब्रन्सविकच्या बाजूची, बहुतेकांचा जन्म इथलाच. लीगचा पुढचा विश्वचषक २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या यजमानपदाखाली ठरला, आणि २०२२ च्या उपांत्यपूर्व फेरीच्या बळावर लेबनॉनला त्यात थेट प्रवेश मिळाला. म्हणजे या संघातल्या बहुतेक मुलांना परदेशी पाहुणा म्हणून आपल्याच शहरांच्या मैदानांवर खेळायला मिळणार. बेकरीतले गृहस्थ म्हणतात, या वेळी खांबांच्या मधून चेंडू मारणारा माणूस आधी नक्की करा, बाकीचे मग बघू.